खेकडा कोळी: जाळ्याशिवाय शिकार करणारे कुळ

फुलावर बसलेली मधमाशी बराच वेळ जागची हलली नाही, तर तिच्या मानेजवळ निरखून पाहावे. पुष्कळदा तिथे पाकळीच्याच रंगाचा एक लहानसा कोळी दात रोवून बसलेला आढळतो. थोमिसिडे कुळातील हे खेकडा कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. शरीरातून निघणारा धागा ते आधाराची दोरी म्हणून आणि अंड्यांच्या कोशासाठी वापरतात. शिकार मात्र पुढच्या पायांच्या दोन लांब, दणकट जोड्या पसरून, तासन्तास निश्चल बसून साधतात. त्यांच्या जबड्यांना भक्ष्य चघळण्यासाठी लागणारे दाते सहसा नसल्यामुळे ते आतला द्रव तेवढा शोषून घेतात आणि कीटकाचे कवच जवळजवळ अखंड उरते.

स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल याकोब सुंडेवाल यांनी १८३३ साली हे कुळ वेगळे मांडले. आज त्यात दोन हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात आणि अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर त्या आढळतात. कडेला वळलेल्या पायांमुळे हे कोळी खेकड्यासारखे आडवे चालतात, पण केवळ त्या चालीवरून कुळ ठरवता येत नाही. आपल्या घरात रात्री भिंतीवर दिसणारा, झुरळे खाणारा मोठा चपटा कोळी, म्हणजे हेटेरोपोडा व्हेनेटोरिया, तसाच चालतो. तरी तो स्पॅरासिडे या वेगळ्या कुळातला आहे. फिलोड्रोमिडे कुळ तर पूर्वी थोमिसिडेचेच उपकुळ मानले जात असे. या दोन्ही कुळांतील कोळ्यांच्या नख्यांपाशी भिंतीला चिकटून राहणाऱ्या केसांचे दाट झुपके असतात, ते खेकडा कोळ्यांना सहसा नसतात. डीएनएवर आधारित अभ्यासांनी तर खेकडा कोळ्यांचे नाते जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्यांच्या गटाशी जवळचे असल्याचे दाखवले आहे.

भारतातील खेकडा कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया घालण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांचा वाटा फार मोठा आहे. पुण्यात काम करताना त्यांनी ज्या जातींचे वर्णन केले, त्यांतील एकीला १९६३ साली थोमिसस कात्रजघाटस असे नाव दिले. पुण्याजवळचा आपल्या नेहमीच्या जाण्यायेण्याचा घाट जगाच्या प्राणिसूचीत असा एका कोळ्याच्या नावाने पोहोचला, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

या कुळाचा सर्वांत अभ्यासलेला गुण म्हणजे रंग बदलणे. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या काही भागांत राहणाऱ्या मिसुमेना वाटिया या जातीची प्रौढ मादी पांढऱ्या फुलावर पांढरी आणि पिवळ्या फुलावर पिवळी होते. तिच्या शरीरातील ग्वानिनच्या स्फटिकांमुळे ती पांढरी दिसते. पिवळे रंगद्रव्य बाहेरच्या पेशींत साठले, की ते स्फटिक झाकले जातात. हे द्रव्य नव्याने तयार करावे लागत असल्यामुळे पिवळे होण्यास दहा ते पंचवीस दिवस लागतात, पुन्हा पांढरे होण्यास मात्र सुमारे सहा दिवस पुरतात. तिचे डोळे रंगाने झाकले तर हा बदल होत नाही, म्हणजे भोवतालचा रंग ती डोळ्यांनीच ओळखते.

हा रंग कीटकांना फसवण्यासाठीच असतो, हे आपण फार सहज गृहीत धरतो. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला दिसत नाही. त्यामुळे आपल्या डोळ्यांना फुलात मिसळलेला कोळी तिच्याही डोळ्यांना तसाच दिसेल असे नाही. ऑस्ट्रेलियातील थोमिसस स्पेक्टाबिलिस ही जाती पांढऱ्या शेवंतीवर आपल्याला दिसेनाशी होते, परंतु तिचे शरीर अतिनील किरण परावर्तित करते आणि पाकळ्या तसे करत नाहीत. मधमाशीला ती ठळक दिसते, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत युरोपातून आणलेल्या मधमाश्या कोळी असलेल्या फुलांकडेच अधिक वळल्या. तिथल्या मूळच्या काही मधमाश्याही अशा फुलाकडे ओढल्या जातात, पण त्यावर उतरणे टाळतात. या शिकाऱ्याबरोबर त्यांच्या पिढ्यान्पिढ्या गेल्या आहेत, हेच त्याचे पटण्याजोगे कारण आहे. मिसुमेनाच्या बाबतीतही रंग जुळल्याने कीटकांच्या येण्यात फरक पडत नसल्याचे २०१० च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून एकाच स्पष्टीकरणाने सर्व जातींचा रंग समजेल, असे मला वाटत नाही.

काही जाती फुलांकडे फिरकतही नाहीत. फ्रिनाराक्ने हा कोळी पानावर पांढऱ्या धाग्याचा पातळ थर पसरून त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा बसतो. अमायसिया फोर्टिसेप्स हा भारतातही आढळणारा कोळी पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्यांसारखा दिसतो आणि त्यांच्याच वावरात राहून त्यांची शिकार करतो. त्याच्या पोटावरचे दोन काळे ठिपके मुंगीच्या डोळ्यांसारखे भासतात.

अनेक जातींत मादीच्या तुलनेत नर फार लहान असतो. झिस्टिकस प्रजातीतील काही जातींत तो मीलनापूर्वी मादीला धाग्यांनी हलकेच बांधतो. अंडी घातल्यावर मिसुमेनाची मादी पान दुमडून कोशाची राखण करते. याहून पुढची पायरी ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या पानांच्या घरट्यात समूहाने राहणाऱ्या ऑस्ट्रेलोमिसिडिया एर्गान्ड्रोस या जातीत दिसते: तिथे पिल्ले हळूहळू आईचे रक्त शोषून अखेर तिलाच संपवतात, आणि हा आहार मिळालेली पिल्ले एकमेकांना कमी खातात, असे निरीक्षणांतून आढळले आहे.