सायटेशन आणि एच-इंडेक्स (जीवशास्त्रातली संशोधनमोजणी)

एका शास्त्रज्ञाच्या पेपरचा दुसऱ्याने आपल्या पेपरात संदर्भ दिला की ते एक सायटेशन. मराठीत याला उद्धरण म्हणता येतं, पण मुंबईतल्या लॅबमध्ये सगळे सायटेशनच म्हणतात. या सायटेशनवरून माणसाच्या कामाचं वजन ठरवायची पद्धत आता नोकरी, प्रमोशन, ग्रँट सगळीकडे आलीये. इथे विचार मुख्यतः रेणवीय जीवशास्त्र (डीएनए, प्रथिनं अशा पेशीतल्या रेणूंचा अभ्यास) आणि विकासजीवशास्त्राचा (एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो याचा अभ्यास) केलाय.

उगम: ही कल्पना नेमकी कुणाची यावर एकमत नाही. काही अभ्यासक ती मध्ययुगातल्या हिब्रू ग्रंथसूचींपर्यंत मागे नेतात, काही जण १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी कॉलेजच्या लायब्ररीत कोणती जर्नल्स घ्यावीत हे ठरवायला रसायनशास्त्रातले संदर्भ मोजले तिथून धरतात. पण थेट धागा अमेरिकन वकिलांच्या शेपर्ड्स सायटेशन्सकडे जातो असं मानणं जास्त पटतं. १८७३ पासून निघणाऱ्या या सूचीत एखाद्या निकालाचा दाखला पुढच्या कुठल्या खटल्यांत दिला गेला ते सापडायचं, आणि त्याच कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्डना पत्र लिहून तिच्याकडे लक्ष वेधलं. मग १९५५ मध्ये गारफील्डचा सायन्स या जर्नलमधला लेख आला. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत जोशुआ लेडरबर्ग हे जेनेटिक्सवाले नोबेल विजेते होते, आणि १९६३-६४ च्या सुमारास सायन्स सायटेशन इंडेक्स (कुठल्या पेपरचा संदर्भ पुढे कुणी दिला त्याची विज्ञानातली सूची) निघाला तेव्हा त्याच प्रकल्पातून जेनेटिक्सची स्वतंत्र सूचीही निघाली. म्हणजे जीवशास्त्र या मोजणीत पहिल्यापासून आहे.

एच-इंडेक्स: २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी हा मांडला: जितक्या पेपरना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन्स मिळालीत, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच. समजा एकाचे सात पेपर आहेत आणि त्यांना ४१, २२, ९, ६, ५, ३, ० अशी सायटेशन्स आहेत, तर पाच पेपरना प्रत्येकी किमान पाच मिळालीत म्हणून एच पाच. पहिल्या पेपरची उद्या ४१ ची ४०० झाली तरी एच पाचच राहतो, यालाच कुणी गुण म्हणतं कुणी दोष. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आपल्या सायकलिंगचा हिशोब असाच ठेवायचे (इतके दिवस, प्रत्येकी किमान तितके मैल), पण हिर्शनी तो तिथून घेतला असं म्हणायला आधार नाही.

विषयाविषयातला फरक: हिर्शच्या मूळ लेखातच जीवशास्त्रवाले फार पुढे दिसतात, सॉलोमन स्नायडर १९१, डेव्हिड बाल्टिमोर १६०, तर भौतिकशास्त्रात सगळ्यात वर असलेले एडवर्ड विटन ११०. यावरून जीवशास्त्रवाले जास्त हुशार असं नाही निघत, तिथे माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरात संदर्भांची यादी लांब. शिवाय पद्धत सांगणारे पेपर शोध सांगणाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढे जातात. प्रथिन मोजायची लोरी यांची १९५१ ची पद्धत २०१४ च्या गणतीत तीन लाखांवर सायटेशन्स घेऊन जगात पहिली होती. विकासजीवशास्त्र मात्र रेणवीय जीवशास्त्राच्या शेजारी बसूनही संथ आहे. केळ्यावर घोंगावणारं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला, पंचवीस डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस घेतं, पण त्याचं एक म्युटंट (जीनमध्ये बदल झालेली माशी) नीट समजायला वर्षं जातात.

मुंबई: कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकींनी रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. १९७६ मध्ये सिद्दीकी आणि अमेरिकन जीवशास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांनी गरम केलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर पेपर लिहिला, त्यातल्या एका म्युटंटचं नाव कोमाटोज. ते जीन चेतापेशीतल्या रसायनाच्या पुड्या सोडायला लागणाऱ्या एनएसएफ प्रथिनाचं आहे हे १९९५ ला कळलं, जवळजवळ वीस वर्षांनी. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरला सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) फक्त मागच्या दोन वर्षांच्या पेपरांवर काढतात, त्यात अशा कामाचं उशिरा आलेलं फळ दिसणारच नाही, आणि हे खरंच मनाला लागतं. टीआयएफआरच्याच व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सिद्दीकींबरोबर माशीच्या वास-चवीच्या जीन्सवर १९७८ मध्ये लिहिलेला महत्त्वाचा पेपर भारतातल्याच अकादमीच्या जर्नलमध्ये आला होता.

नावांचा क्रम: जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा हाताने काम केलेल्या विद्यार्थ्याचं, शेवटचं गाइडचं. एच-इंडेक्सला हा फरक कळत नाही, मधल्या दहा जणांनाही तेवढंच श्रेय.

विरोध: डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन पेशीजीवशास्त्रज्ञांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संमेलनात ठरलेला डोरा हा संशोधनाच्या मूल्यमापनावरचा जाहीरनामा २०१३ ला प्रसिद्ध झाला, माणसाला जर्नलच्या आकड्यावरून तोलू नका हा त्याचा गाभा. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या तीन डेटाबेसांत एकाच माणसाचा एच वेगवेगळा येतो, गूगलचा बहुधा सगळ्यात मोठा, कारण ते प्रबंध आणि पुस्तकंही धरतं.