अपील (मुंबई उच्च न्यायालय)

अपील : खालच्या न्यायालयाचा निकाल चुकला आहे असे सांगून तो वरच्या न्यायालयाकडून तपासून घेण्याचा कायद्याने दिलेला हक्क. कायद्याने तो ज्या निकालाविरुद्ध दिला असेल तिथेच मिळतो; निकाल आवडला नाही एवढ्यावर मिळत नाही. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा व नगर हवेली व दमण व दीव येथील न्यायालयांच्या निकालांवर मुंबई उच्च न्यायालय अपिले ऐकते. ‘हायकोर्टाने सोडले’, ‘हायकोर्टाने वाढवून दिले’ अशा बातम्या रोज येतात. त्यांतल्या प्रत्येक निकालामागे न्यायालयाचे अधिकार वेगळे असतात, आणि ते कळल्याशिवाय निकालही नीट कळत नाही.

अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. येतात ते कागद. वकिली बोलीत त्यांना ‘आर अँड पी’ (रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग्ज) म्हणतात : वादपत्र, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मुद्दे, सरतपास, उलटतपास, निशाणी क्रमांक घातलेले दस्त, मधल्या अर्जांवरचे आदेश, पुरसिसा म्हणजे वकिलांची छोटी लेखी निवेदने, सगळे एका गठ्ठ्यात बांधून खालच्या न्यायालयाकडून मागवले जाते. ‘आर अँड पी आले का?’ हा अपिलातला नेहमीचा प्रश्न. आले नसेल तर पुढची तारीख. नवा पुरावा आत घेता येतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 चे दार अरुंद आहे आणि ‘तेव्हा कागद सापडला नाही’ एवढ्या सबबीवर ते सहसा उघडत नाही.

या गठ्ठ्यात एक अडचण भाषेची असते. तालुक्याच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीत चालते, त्यामुळे गठ्ठ्यातले मराठी कागद भाषांतर होऊन पेपर बुकात, म्हणजे न्यायमूर्तींसाठी बांधलेल्या कागदांच्या संचात, जातात. बांधाच्या दाव्यातला ‘वहिवाट’ हा एक शब्द घ्या. शेतकरी म्हणतो, ‘तिथं आमची वहिवाट आहे.’ म्हणजे जमीन त्याच्या कब्जात आहे, तो ती कसतो, की तिथून गाडीबैल नेण्याची त्याची रीत आहे? मराठीत तिन्ही अर्थ बसतात. इंग्रजीत एकच निवडावा लागतो, आणि ती निवड पुष्कळदा भाषांतरकाराच्या टेबलावर होऊन जाते.

दिवाणी बाजूला पहिली पायरी प्रथम अपिलाची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालची. ते कोणत्या न्यायालयात जाईल हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. प्रथम अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही खुले असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली संतोष हजारी प्रकरणात बजावले आहे, की प्रथम अपील-न्यायालयाने आपले मन लावून प्रत्येक मुद्द्यावर स्वतःची कारणे दिली पाहिजेत. ‘खालच्या न्यायालयाशी मी सहमत आहे’ एवढे लिहून, विशेषतः निकाल फिरवताना, भागत नाही. भूसंपादनाचा मोबदला कमी मिळाल्याच्या तक्रारी, मोटार अपघाताच्या भरपाया, रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे निकाल हे सगळे उच्च न्यायालयात ‘प्रथम अपील’ याच नावाने येतात.

मुंबईच्या दृष्टीने यातली रेल्वेची अपिले सर्वांत बोलकी. रेल्वे अधिनियमाच्या कलम 124-अ खाली, गाडीतून पडून प्रवासी दगावला तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, प्रवाशाचे स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आजार हे अपवाद आहेत; त्यांत प्रकरण बसत नसेल तर भरपाई द्यायची. मृत्यूसाठी ही रक्कम 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख रुपये आहे, त्याआधी ती 4 लाख होती. मग भांडण कशावर होते? बहुधा तिकिटावर. पंचनाम्यात घड्याळ, रुमाल, डबा, चिल्लर यांची नोंद असते आणि तिकिटाची किंवा पासाची नसते. रेल्वे म्हणते, हा प्रवासीच नव्हता, रूळ ओलांडत होता. दोन स्थानकांच्या मध्ये, रुळाकडेला पडलेल्या माणसाच्या खिशातून पास कुठे गेला हे कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात हा घोळ बराचसा मिटवला : तिकीट सापडले नाही एवढ्याने तो बेकायदा प्रवासी ठरत नाही, वारसांनी प्रतिज्ञापत्र दिले की पुराव्याचा भार रेल्वेवर जातो. मुंबई उच्च न्यायालयातल्या अशा अपिलांत तेव्हापासून याच सूत्रावर कागद तपासले जातात. दारात लोंबकळणे हा प्रवाशाचा निष्काळजीपणा, ही रेल्वेची दुसरी आवडती हरकत. पण रीना देवी निकालाने निष्काळजीपणा आणि ‘स्वतः करून घेतलेली इजा’ यांत स्पष्ट फरक केला आहे. सकाळी साडेआठला विरारहून निघालेल्या माणसाला तो फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मोटार अपघातांच्या अपिलांत वाद आकडेमोडीचा असतो. मृताचे वय, उत्पन्न, भविष्यात वाढ किती धरायची, वार्षिक उत्पन्नाला किती वर्षांनी गुणायचे (‘गुणक’), हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाने बरेच बांधून दिले आहे. विमा कंपनी कमी करून मागते आणि वारस वाढवून मागतात. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपील दोन न्यायमूर्तींपुढे जाते. त्याची मुदत कौटुंबिक न्यायालय कायद्यात 30 दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात 90 दिवस होती. हिंदू विवाहांपुरता 90 दिवसांचा कौल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये दिला.

द्वितीय अपील ही वेगळीच गोष्ट. त्याच संहितेच्या कलम 100 मध्ये 1976 साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतर कायद्याचा सारभूत प्रश्न असल्याशिवाय द्वितीय अपील ऐकता येत नाही. तो प्रश्न दाखल करून घेतानाच न्यायालयाला लिहून काढावा लागतो. दोन्ही खालच्या न्यायालयांनी ‘वाटणी झालेली नाही’ असे ठरवले असेल, तर ती खरेच झाली होती का हे उच्च न्यायालय नव्याने शोधत बसत नाही. पक्षकारांना हे पटवणे वकिलाला जड जाते, कारण त्यांच्या लेखी सगळा दावा तेवढाच असतो. प्रश्न सारभूत आहे की नाही याची कसोटी मात्र मुंबईच्याच एका व्यापारी तंट्यातून आली : चुनीलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, सर्वोच्च न्यायालय, 1962.

गोव्यात अपिलाला आणखी एक पदर आहे, कारण तिथे कुटुंब आणि वारसा यांबाबत 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते. गोवा खंडपीठाने 2023 मध्ये, बहिणीच्या संमतीवाचून भावांच्या नावे झालेले हस्तांतरण रद्द करताना म्हटले, की मुलीला लग्नात हुंडा दिला म्हणून कुटुंबाच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत नाही. हा निकाल त्या संहितेतल्या तरतुदींवर उभा आहे. तो तसाच उचलून सिंधुदुर्गातल्या दाव्यात लावता येणार नाही, जरी दोन्हीकडची भांडणे एकाच चुलाण्यावरची वाटली तरी.

फौजदारी अपिलांत उच्च न्यायालय पुरावा पहिल्यापासून वाचते. सत्र न्यायालयाने फाशी दिली असेल तर आरोपीने अपील केले नाही तरी फाईल पुष्टीसाठी वर जावीच लागते. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 407 मध्ये आहे. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातील तिघांची फाशी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये जन्मठेपेत बदलली, ती अशाच पुष्टीच्या टप्प्यावर.

अलीकडच्या काळात या अधिकाराचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांचा निकाल. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे गेली. विशेष मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 रोजी न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांच्यातला एक तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. निकालपत्र सहाशेहून अधिक पानांचे आहे आणि कागद वाचणे म्हणजे काय, हे पाहायचे तर ते वाचावे. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुराव्यात धरता येतो. खंडपीठाने वेगवेगळ्या आरोपींचे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी नोंदवलेले जबाब शेजारी ठेवले, तेव्हा काही भाग एकसारखे, नक्कल केल्यासारखे निघाले. टॅक्सीचालक शंभरहून अधिक दिवस गप्प राहून मग आरोपींचे चेहरे ओळखतात, हे न्यायालयाला पटले नाही. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, एवढेही अभियोगपक्षाला सिद्ध करता आले नाही. तीनच दिवसांनी, 24 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल तूर्त इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये; सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत होती त्यांना या निकालाने उत्तर दिलेले नाही, आणि अपिलात ते देण्याची सोयही नसते. अपिलात प्रश्न एवढाच असतो, की या आरोपींविरुद्ध हा पुरावा पुरेसा आहे का.

प्रक्रियेच्या मुद्द्यावर अपील कसे हेलकावे खाते, हे माओवाद्यांशी संबंधाचा आरोप असलेले दिल्लीचे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात दिसले. गडचिरोलीच्या न्यायालयाने 2017 मध्ये त्यांना जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने 14 ऑक्टोबर 2022 रोजी, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालवण्याची सरकारी मंजुरी सदोष असल्याचे सांगून सुटका केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल थांबवला आणि एप्रिल 2023 मध्ये प्रकरण दुसऱ्या पीठापुढे फेरनिर्णयासाठी पाठवले. 5 मार्च 2024 रोजी त्या दुसऱ्या पीठानेही निर्दोषच ठरवले. मंजुरीचा मुद्दा होताच, शिवाय पुरावाही अपुरा. साईबाबा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले.

उलट्या दिशेचे उदाहरण जानेवारी 2021 चे. लहान मुलीच्या लैंगिक छळाच्या अपिलात नागपूरच्या एकल पीठाने, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून पोक्सोचे (बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचे) कलम लागत नाही, असे ठरवून शिक्षा तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली. कायद्यात असा शब्द कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो अर्थ फेटाळला आणि तीन वर्षे पुन्हा लावली.

गाजणारे सगळे निकाल अपिलातले नसतात, ही सावधगिरी बाळगलेली बरी. सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के प्रवेशांतून सूट देणारी राज्याची दुरुस्ती 19 जुलै 2024 रोजी रद्द झाली. केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर तपासणाऱ्या केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाचा नियमही त्याच वर्षी पडला. तिथे आधी दोन न्यायमूर्तींची मते फुटली आणि तिसऱ्या न्यायमूर्तींनी, अतुल चांदुरकर यांनी, सप्टेंबरमध्ये पारडे झुकवले. ही दोन्ही प्रकरणे रिट याचिकांची. तिथे उच्च न्यायालय थेट दाद ऐकत होते.

उच्च न्यायालय 1862 मध्ये स्थापन झाले तेव्हा त्यात दोन जुनी घरे एकत्र आली : मुंबई बेटावरचे राजाचे सर्वोच्च न्यायालय आणि मुलखावरच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती. पहिल्यातून ‘मूळ शाखा’ झाली, दुसऱ्यांतून ‘अपील शाखा’. हा भेद अजून जिवंत आहे. दोन्हींचे नियम निराळे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेतच. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसते : कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्याकडे आहेत. चार दशकांहून जुन्या मागणीनंतर सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत ती सुरू झाली. आता सावंतवाडीच्या पक्षकाराला अपील बोर्डावर लागले म्हणून रात्रभर मुंबईचा प्रवास करावा लागत नाही.

दिवाणी अपील उच्च न्यायालयात करायला हुकूमनाम्यापासून (दाव्याच्या अंतिम आदेशापासून) 90 दिवस मिळतात. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज. आणि अपील केले म्हणजे स्थगिती मिळाली, हा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. स्थगिती वेगळी मागावी लागते. ती नसेल तर खाली दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, चालू राहते आणि अपील प्रलंबित असतानाच बेलीफ दाराशी येऊ शकतो. अपिलाचा निकाल लागला की आर अँड पीचा गठ्ठा जिथून आला त्या न्यायालयात परत जातो, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी तिथेच होते.