नारंगीचा 'न' गेला कुठे?

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड अधूनमधून येतोच, की 'नेव्हिगेशन' म्हणजे आपलं 'नवगती', इंग्रजांनी ढापलं. असं नाहीये हो. लॅटिनचा 'नाविस' आणि आपली 'नौ' ह्या एकाच आजीच्या नाती, त्यात कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही. उगाच अभिमानाच्या नावाखाली काहीही पसरवू नका, कारण खरोखर आपल्याकडून गेलेले शब्द आहेत आणि त्यांची गोष्ट जास्त भारी आहे.

इंदूरच्या चोइथराम मंडीत आगर-माळव्याच्या संत्र्यांचे ढीग लागतात ना, त्या फळाचं इंग्रजी नाव 'ऑरेंज' आपल्याकडूनच निघालं. द्राविड भाषांतून संस्कृतमधे 'नारंग', मग फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांहा', इथपर्यंत न शाबूत आहे. फ्रेंच-इटालियनमधे मात्र आधी लागणाऱ्या 'उन' म्हणजे 'एक' ह्या शब्दाचा न आणि फळाचा न एकमेकांना चिकटले, लोकांना एकच न ऐकू आला आणि तो त्यांनी 'उन'ला देऊन टाकला.

हे होतं कसं, तर बोलताना शब्दांमधे जागा नसतेच! मोबाइलवर 'आता पाणी आण' रेकॉर्ड करा आणि एखाद्या ऑडिओ ॲपमधे त्याची लाट मोठी करून बघा. 'पाणी' आणि 'आण'च्या मधे लाट सलग दिसेल, उलट 'आता'च्या पोटात सपाट खाच सापडेल, कारण त म्हणताना जीभ दातांमागे टेकून हवा क्षणभर अडवते. म्हणजे शांतता शब्दाच्या आतही असते आणि शब्दांच्या सीमेवर असेलच असं नाही, सीमा आपला मेंदू आखतो, कुठल्या अक्षरामागे कुठलं अक्षर वारंवार येतं त्या हिशोबाने. 1996 मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी 8 महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांची सलग माळ फक्त 2 मिनिटं ऐकवली, तेवढ्यात बाळांनी त्यातले शब्द वेगळे ओळखले.

हाच हिशोब कधी चुकतो. फ्रेंचमधून आलेला 'अ नॅप्रन' इंग्रजीत 'ॲन एप्रन' झाला, त्याच घराण्यातल्या नॅपकिनचा न टिकला. 'ॲन एकनेम'चं (म्हणजे जोडीचं, जास्तीचं नाव) उलट, त्याने न ओढून घेतला आणि 'निकनेम' झालं.

आणि 'माँगूस' तर आपल्या मराठी मुंगुसावरूनच, बहुधा पोर्तुगीजांमार्फत गेला. इंग्रजांच्या कानाला शेवटी हंसाचा 'गूस' ऐकू आला म्हणून स्पेलिंगही तसंच झालं, पण अनेकवचन 'माँगूसेस'च होतं, 'माँगीस' नाही.