लिंबू लिकर (घरगुती)

लिंबाची साल मद्यार्कात मुरवून तो अर्क साखरेच्या पाकात मिसळल्यावर होणारे गोड मद्य. इटलीतील लिमोनचेल्लो हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार. यात रस घालत नाहीत. सगळा वास सालीतील तेलग्रंथींचा. आसव-अरिष्टांशी याची गल्लत करू नये. आसवात मद्यार्क भांड्यातच आंबवणीने तयार होतो. लिकरसाठी तो तयार घेतात.

उगम : काप्री, सोरेंतो आणि आमाल्फी ही दक्षिण इटलीतील तिन्ही ठिकाणे लिमोनचेल्लोवर हक्क सांगतात. काप्रीकर विसाव्या शतकाच्या आरंभी मारिया आंतोनिया फाराचे यांच्या अतिथिगृहात ते प्रथम झाल्याचे मानतात. त्याच घराण्यातील मास्सिमो कानाले यांनी १९८८ मध्ये हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. सोरेंतोत ते प्रतिष्ठित घरांच्या पाहुणचारातून आले असे सांगतात, तर आमाल्फीत कोळी व शेतकरी थंडीत पहाटे त्याचा घोट घेत असत, अशी परंपरा आहे. मठांमध्ये ते आधीपासून होत असे, असेही एक मत आहे. नोंदणीच्या वर्षावरून नावाचे वय कळते, पेयाचे नव्हे. फळांच्या साली मद्यार्कात मुरवण्याची रीत युरोपात याहून बरीच जुनी असल्याने एकाच घराला श्रेय देणे धाडसाचे ठरेल.

शब्दाचा प्रवास उलट दिशेने, आपल्याकडून तिकडे झालेला दिसतो. इटालियन ‘लिमोने’ अरबी ‘लैमून’वरून, तो फार्सी ‘लीमू’वरून, आणि फार्सी शब्दाचे नाते संस्कृत ‘निम्बू’, ‘निम्बूक’ यांच्याशी जोडले जाते. काही अभ्यासक मलाय ‘लिमाउ’कडेही बोट दाखवतात. २०१८ मधील जनुकीय अभ्यासाने या फळकुळाचे मूळ आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार व पश्चिम युन्नान या पट्ट्यात दाखवले आहे. त्यामुळे शब्दही पूर्वेकडूनच भारतात आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फळ : इटलीतील पिवळे, जाड सालीचे लेमन हे कडू संत्रे व महाळुंग यांचा संकर. सोलापूरच्या बाजारात गोणीने येणारे कागदी लिंबूही महाळुंगाचेच अपत्य, पण त्याचे दुसरे पालक वेगळे. म्हणून कागदी लिंबाच्या लिकरला लिमोनचेल्लो म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. त्याचा वास अधिक तिखट व हिरवट असतो.

सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत लिंबाच्या बागा चांगल्या येतात. मृग, हस्त व आंबे हे तिन्ही बहार (फुलोऱ्याचे हंगाम) धरता येतात. उन्हाळ्यात भाव मिळावा म्हणून हस्त बहाराकडे ओढा असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात प्रसिद्ध आहे. लिकरसाठी खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग नसलेली फळे निवडावीत आणि फवारणीचा अंश जावा म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

कृती व रसायन : कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच पातळ. सुरीने सोलायला गेले की पांढरा गर सोबत येतो आणि लिकर कडू होते. बारीक किसणीवर फळ फिरवत फक्त हिरवे-पिवळे खरवडावे. पांढरे दिसताच जागा बदलावी. किसताना बोटांना तेल लागते. तसेच उन्हात गेल्यास कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात, कारण सालीतील फ्युरोकुमारिन द्रव्ये उन्हात दाहक होतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही बाब हलक्यात घेऊ नये. उन्हात जाण्याआधी साबणाने हात धुवावेत.

इटलीत ९५ टक्क्यांचा शुद्ध मद्यार्क वापरतात. लिमोनीन हे सालीतील मुख्य तेलद्रव्य त्यात सहज विरघळते. पाक पडताच मद्यार्काचे प्रमाण उतरते, तेल सुटून सुमारे १०० नॅनोमीटरचे थेंब होतात आणि द्रव दुधट दिसतो. आपल्याकडील व्होडका ४२.८ टक्क्यांची; ती मुळात तेल कमी ओढते, म्हणून घरचे लिकर बहुधा नितळच राहते. तो दोष नव्हे. ७५० मिलि. व्होडकेत १२ ते १५ लिंबांचा कीस घालून बरणी घट्ट लावून अंधारात आठ-दहा दिवस ठेवावी व रोज हलवावी. गाळून झाल्यावर २५० ग्रॅम साखर १६५ मिलि. पाण्यात विरघळवून, पूर्ण निववून मिसळावी. एकूण सव्वा लिटरच्या आत राहावे. साधारण १,०७० मिलि. भरल्यास मद्यार्क ३० टक्क्यांच्या आसपास येतो. इटालियन कृतीतला लिटरभर पाक यात ओतला की नुसते मद्ययुक्त सरबत उरते.

औद्योगिक वा रंगकामाचे स्पिरिट यासाठी कधीही वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकते. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो.

कायदा : सोलापुरात मद्याचा प्रश्न इतिहासाशी जोडलेला आहे. मे १९३० च्या आंदोलनात रूपाभवानी परिसरात मादक रस देणारी शिंदीची झाडे तोडण्यात आली. पाठोपाठ गोळीबार व मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी झाली. राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे. अधिनियमातील निर्मितीच्या व्याख्येत मद्याचे मिश्रणही येते, तेव्हा विक्रीसाठी हे करणे तर उघड गुन्हा आहे. घरी ऊर्ध्वपातन करणेही (मद्य उकळून गाळणे) तसेच.

साठवण : काचेच्या बाटलीत, थंड जागी. ३० टक्क्यांचे लिकर घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. जेवणानंतर लहान पेल्यात थंडगार देतात.