बंद पडलेली, ठोकलेली गाडी संस्थेला दान द्यायची आहे? आधी आरसी बाहेर काढा

गावात चक्कर मारली की एखाद्या कोठ्याच्या आडोशाला उभी असलेली कार दिसतेच. नाल्याच्या पुरात इंजिनात पाणी गेलेलं असतं, नाही तर नागपूर रोडवर ठोस बसलेली असते. टपावर पऱ्हाटीचा भारा, आतलं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, चारही टायर बसलेले. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेचं कार्यालय सांभाळतो. "भाऊ, गाडी घेऊन जा, आयटीआयच्या पोरांच्या कामी येईल," असं म्हणत लोक येतात, तेव्हा मनापासून बरं वाटतं. पण किल्ली आमच्या हाती दिली म्हणजे गाडी दिली, असं कायदा मानत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, तुमचं नाव आहे तोवर मालक तुम्हीच, आणि त्या गाडीने कोणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारी येणार. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं. गाडी पुढे विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, जबाबदारी त्याची.

गाडी रस्त्यावर येईल का, हे आधी ठरवा

सगळी प्रक्रिया या एका गोष्टीवर फिरते, म्हणून मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. दुरुस्त होण्यासारखी असेल तर रस्ता मालकीबदलाचा. त्याला चालू विमा आणि पीयूसी लागते, आणि बंद गाडीची पीयूसी निघत नाही. म्हणजे दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. दुरुस्तीचा खर्च दाता करणार की संस्था, हे तोंडी ठेवू नका. आमच्याकडे एक गाडी याच एका मुद्द्यावर दोन पावसाळे उघड्यावर भिजली. शेवटी ती ना त्यांच्या कामाची राहिली, ना आमच्या.

दुरुस्त होण्यासारखी नसेल तर नोंदणी रद्द करणं हाच सरळ मार्ग. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

अपघाताचा विमा दावा चालू असेल तर मात्र थांबा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मग मोडक्या गाडीचं काय करायचं, हे दाव्याच्या हिशोबातच ठरतं. दावा मिटून तसं पत्र हाती येईपर्यंत गाडी कोणालाही देऊ नका.

कोण देऊ शकतो

आरसीवर ज्याचं नाव आहे, तोच. आपल्याकडे गाडी बाबांच्या नावाची, बाबा वारलेले आणि चालवणारा धाकटा मुलगा, असं हमखास असतं. सातबाऱ्यावर वारस चढले म्हणजे आरसीवर चढले, असा समज काढून टाका. तलाठ्याकडचा फेरफार जमिनीपुरता. गाडीसाठी आरटीओत फॉर्म ३१ वेगळा भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची सहीसुद्धा घ्या, त्याही वारस आहेत. गाडी आधी वारसाच्या नावे होते, मग दान.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ जोडून बोजा उतरवावा लागतो. हप्ते कधीच फिटले, तरी आरसीवर बोजा तसाच राहिलेला अनेकांना माहीतही नसतो. अपघाताचा गुन्हा दाखल असेल आणि गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, परत मिळाली असेल, तर ती अजून खटल्यातला मुद्देमाल आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय ती देता, विकता किंवा तोडता येत नाही.

संस्थेकडून काय मागायचं

मागायला संकोच करू नका, चांगली संस्था न मागता देते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा घ्या. उताऱ्यावर सध्याच्या विश्वस्तांची नावं दिसतात. संस्थेचं पॅन कार्ड घ्या. आणि विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या. त्यात गाडीचा नंबर, ती कशासाठी घेतली, खर्च कोणाचा आणि आरटीओत सही कोण करणार, हे स्पष्ट असावं. आरसी संस्थेच्याच नावे व्हायला हवी, अध्यक्ष किंवा सचिवांच्या वैयक्तिक नावे नाही. मालकीबदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही करून ठेवा, असं कोणी म्हटलं तर तिथून उठून या.

दानपत्र करावं. गाडी ही जंगम मालमत्ता, तिचं दान ताबा देऊनही पुरं होतं, त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची सक्ती नाही. पण दात्याची सही, संस्थेचा स्वीकार आणि दोन साक्षीदार कागदावर असले की पुढे वाद राहत नाही.

मालकीबदलाचा अर्ज

परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर अर्ज होतो. फी तिथेच दिसते आणि तिथेच भरता येते. नोंदीतला मोबाइल नंबर मात्र आधी तपासा. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवर गाडी घेताना डीलरने किंवा एजंटाने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अर्ज अडतो. तो बदलून घ्या. थकलेली ई-चलनं भरा. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटीही बसवून घ्या.

कागद असे: मूळ आरसी, फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, दात्याचं आधार-पॅन, दानपत्र आणि संस्थेचे वर सांगितलेले कागद. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल, म्हणजे एमएच-३२ वर्ध्याची गाडी एमएच-३४ चंद्रपूरला, तर फॉर्म २८ ची एनओसी लागते का, ते आधी आरटीओत विचारा. राज्यातल्या राज्यात दात्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विमा संस्थेच्या नावे करण्यासाठीही विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज करायचा.

अर्जासाठी चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिल ठसा घेणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. नंबर बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली ठोकलेला असतो. उभ्या गाडीत त्यावर गंज चढतो. डिझेलच्या बोळ्याने हळूहळू पुसा, पॉलिश पेपर घासू नका. आकडा बुजला तर आरटीओत नवं काम मागे लागतं. पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवा आणि सतराही अक्षर-आकडे आरसीशी एकेक करून जुळवा. तीन आणि आठ हमखास फसवतात.

गाडी संपलीच असेल तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. गावात येणाऱ्या भंगारवाल्याला तोडायला देऊ नका. पत्रा जातो, नोंदणी तुमच्या नावावर तशीच राहते. २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या स्क्रॅपिंग केंद्रातच गाडी द्या. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर, म्हणजे गाडी जमा केल्याच्या दाखल्यावर, नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगाराचे पैसे आले की ते चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला द्या.

आयकराच्या हिशोबानेही दात्यासाठी हाच मार्ग फायद्याचा. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखतात ती) फक्त पैशाच्या देणगीला मिळते. गाडी, धान्य, पुस्तकं अशा वस्तूंच्या दानाला ती नाही, कितीही मोठी पावती फाडली तरी. रोख दिली तर २,००० रुपयांवरची देणगी धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही सवलतच नाही.

आयटीआयला इंजिन खोलून शिकवायला गाडी हवी असेल तर ती रस्त्यावर धावायची गरज नसते. अशा वेळी प्राचार्यांचं मागणीपत्र घेऊन आधी आरटीओत भेटा, नोंदणीचा निकाल लावा, मगच गाडी हलवा.

गाडी उचलून नेतील त्या दिवशी ताबापावती करा. तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि नेणाऱ्याची सही तिच्यावर हवी. डिकीतली कागदपत्रं आणि फास्टॅग काढून घ्या. मग दर आठवड्याला एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघत राहा. संस्थेचं नाव किंवा नोंदणी रद्द झाल्याची नोंद दिसली की तिची छापील प्रत काढा आणि दानपत्राला टाचून ठेवा.