देशी बदाम नेलाय? कट्टा बांधण्याआधी हे वाचा

सोसायटीत, शाळेच्या आवारात किंवा बंगल्याच्या कोपऱ्यात आमच्या रोपवाटिकेतला देशी बदाम लावलेल्या सर्वांसाठी.

जानेवारी-फेब्रुवारीत फोन सुरू होतात: "सगळी पानं लाल होऊन गळाली, झाड गेलं." गेलेलं नसतं. बदाम वर्षातून साधारण दोनदा पानं टाकतो. नखाने फांदीची साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर पालवी येणार. घाबरून खत मात्र घालू नका.

झाड खरोखर जातं ते कट्ट्यापायी. दोन-तीन वर्षांत बदाम डोक्याच्या वर जातो, सावली पडायला लागते, मग कमिटीला वाटतं बसायला कट्टा हवा. खोडाभोवती गोल वीटकाम होतं, वर फरशी बसते आणि आत फूट-दीड फूट लाल माती ओतली जाते. पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. वर मातीचा थर चढला की ती गुदमरतात, आणि पुरलेल्या खोडाची साल ओलीने कुजते. हे लगेच कळत नाही. झाड एक-दोन पावसाळे तगतं, मग शेंड्याकडून वाळत येतं. तोवर कट्टा कधी बांधला हे कुणाला आठवत नाही आणि "तुमचं रोपच कच्चं होतं" हे आम्ही ऐकून घेतो.

म्हणून तक्रार आली की आमचा माणूस आधी बुंध्याची माती बाजूला करून बघतो. खोड पुरलेलं निघालं तर झाड बदलून मिळत नाही. कडक वाटेल, पण त्याच कट्ट्यात नवं रोप लावलं तर तेही जाणार. माती नुकतीच भरली असेल तर खुरपीने काढा, कुदळ नको. खोड खाली जिथे रुंदावतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. कट्टा हवाच असेल तर ऐसपैस बांधा, पाया उथळ ठेवा आणि आतली जमीन होती त्याच पातळीवर राहू द्या. पेव्हर ब्लॉकही खोडापासून निदान एक मीटर लांब. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. कमिटीत वाद झाला तर आमच्यापेक्षा त्यांचं नाव सांगा.

बारा फुटी झाड का देत नाही, असंही विचारतात. मोठं झाड उपटून आणताना मुळं तुटतात आणि ते बरेच दिवस नुसतं उभं राहतं. पाच-सहा फुटी रोप लवकर जीव धरतं आणि स्वस्तही पडतं.

बदाम काटक आहे. समुद्राकाठचं झाड, खारा वारा सोसतं, शहरातली धूळ काय चीज! पण फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात, त्यामुळे भिंतीपासून पंधरा फूट जागा सोडा. पार्किंगवर लावू नका: वटवाघळं फळं चघळून खाली टाकतात, गाड्यांवर डाग पडतात. आतला गर खायला छान, पण टरफल दगडाने फोडावं लागतं आणि हाती येतो एवढासा. त्या कामाला मुलं कंटाळत नाहीत.

जागेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, बदाम तिथे बसेल की नाही ते मोफत सांगतो. अरुंद पट्टी असेल तर दुसरं झाड सुचवू. खड्डा, शेणखत, काठीचा आधार आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरी हे लावणीच्या दरातच येतं. लावणी जून-जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर, नोंदणी मेपासून.