बुंध्याच्या वर: माडावर चढणाऱ्या बायकांमागचा इतिहास

माडाची एक कटकट आहे. आंबा वर्षातून एकदा उतरवला की बागायतदार मोकळा होतो, पण माड कुणाला मोकळं सोडत नाही. चांगला पोसलेला उंच माड साधारण दर महिन्याला एक नवी झावळी टाकतो. तिच्या बेचक्यात पोय, म्हणजे फुलोरा, येते आणि त्या पोयीतला नारळ पुरता तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. त्यामुळे कुठल्याही दिवशी मान वर करून पाहिलं तर मुठीएवढी कोवळी फळं, भरलेली शहाळी आणि सोडण, म्हणजे वरचं तंतुमय कवच, सुकत आलेले नारळ एकाच झाडावर लटकलेले दिसतात. तयार झालेले तेवढे निवडून काढायचे, बाकीचे राखायचे. म्हणजे दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी वर गेलंच पाहिजे. झाड वीस मीटरच्या आसपास, धरायला फांदी एकही नाही, आणि हे साठ-सत्तर वर्षं असंच चालायचं.

हा 'कुणीतरी' शेकडो वर्षं पुरुषच होता, आणि तोही ठराविक जातीचा. केरळच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत या कामात बायका कशा आल्या, हे समजून घ्यायचं तर आधी ही दुसरी अट पाहावी लागते. बाईला माडापासून लांब ठेवणाऱ्या रिवाजाबद्दल बोललं जातं, पण तिच्या आधी बहुतेक सगळ्या पुरुषांनाही माडापासून लांब ठेवणारी व्यवस्था होती.

केरळात माडावर चढणं, माडी काढणं हे ईळवा, तिय्या, तंडान अशा समाजांकडे होतं. गोव्यात सूर, म्हणजे माडी, काढणारा तो रेंदेर आणि नारळ पाडणारा तो पाडेली. नारळ काढण्याच्या फेरीला तिथे 'पाडो' म्हणतात. आपल्या कोकणपट्टीत हे काम मुख्यतः भंडाऱ्यांचं. हत्यारं थोडीच: कमरेला कोयता, पायात दोरीचं किंवा काथ्याचं वळं. मल्याळममध्ये त्या वळ्याला 'तळप्पु' म्हणतात. दोन्ही पाय त्यात अडकवून खोडाला तळवे चिकटवायचे, हातांनी खोडाला मिठी मारायची आणि बेडकासारखं सरकत वर जायचं. जिथे माडी काढायला रोज दोन-तीनदा चढावं लागे तिथे खोडावर कोयत्याने खाचा पाडत. छातीची, मांडीच्या आतल्या बाजूची, पावलांची कातडी घासून घासून घट्ट होई. नवशिक्याला हे कुणी 'शिकवत' नसे. बाप चढायचा, पोरगा खाली नारळ गोळा करायचा, आणि एक दिवस पोरगा चढायचा.

पोरीवर तो दिवस येत नसे. साडी नेसून खोडाला मिठी मारता येत नाही, हे उघडच आहे. पण साडीच्या अडचणीचा तोडगा चार इंच कासोट्यात असतो, भातलावणीला बाई तो रोज काढते. अडचण होती ती खालून वर पाहणाऱ्या डोळ्यांची. वरचा माणूस चारही बाजूंच्या परसात, न्हाणीघरात, विहिरीवर पाहू शकतो, म्हणून चढण्याआधी आरोळी देण्याची पद्धत अनेक गावांत होती. बाई वर गेली तर ती पाहणारी आणि पाहिली जाणारी अशी दोन्ही झाली असती, आणि गावाला दोन्ही नको होतं.

पण माडाचं काम बायका करत नव्हत्या, असं म्हणणं धादांत खोटं ठरेल. नारळ जमिनीवर पडला की पुढचं बहुतेक काम त्यांचंच. पडलेले नारळ वेचून हाऱ्यातून वाहायचे, झावळ्यांची झापं विणायची, हीर काढून केरसुण्या बांधायच्या, खोबरं वाळवायचं. केरळात तर यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. 1859 मध्ये जेम्स डॅराने अलप्पुळा इथे काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला आणि खाडीकाठच्या हजारो घरांतून त्याला सुंभ जाऊ लागला. सोडणं महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजवायची, मग काठीने बडवून तंतू सुटे करायचे, मग त्यांचं सूत वळायचं, हे सगळं बायकांनी केलं. त्या कुजलेल्या सोडणांचा वास ज्याने घेतलाय त्याला हे 'हलकं काम' होतं असं कुणी सांगू नये. कारखान्यातल्या मागावर मात्र पुरुष बसला. थोडक्यात, वरचं टोक पुरुषाकडे, शेवटचं टोकही पुरुषाकडे आणि मधला चिखल बायकांकडे. पैशाची वाटणीही साधारण त्याच क्रमाने झाली.

मग पुरुष माडावरून उतरले. याची सुरुवात मजुरीने झाली नाही, मानाने झाली. 1903 मध्ये केरळात श्री नारायण धर्म परिपालन योगम स्थापन झाली आणि समाजसुधारक नारायण गुरूंच्या प्रेरणेने ईळवा समाजात शिक्षणाची, मंदिरांची, उद्योगांची चळवळ उभी राहिली. गुरूंचा दारूला कडवा विरोध होता. दारू गाळू नका, विकू नका, पिऊ नका, असं ते आपल्याच लोकांना सांगत होते. ज्या समाजाच्या अस्पृश्यतेचं समर्थन माडी काढण्याच्या धंद्याकडे बोट दाखवून केलं जात होतं, त्याने तो धंदा टाकणं ही बंडखोरीच होती. नारळ पाडणं म्हणजे माडी काढणं नव्हे, हे खरं. पण कोयता तोच, तळप्पु तोच, आणि हाक मारणाऱ्याचा सूरही तोच. शिकलेल्या पोराने दोन्ही सोडलं. सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडली आणि उरलेसुरलेही गेले. दुबईत इमारतीवर परांची बांधताना तीच उंची होती, तोच जीव टांगणीला होता, पण तिथे कुणी जात विचारत नव्हतं आणि पैसा कितीतरी जास्त होता.

कोकणात गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. मुंबई सरकारच्या 1878 च्या अबकारी कायद्याने माडी-ताडीवर कर आणि परवाने लादले. परवडेनासा झालेला तो धंदा 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आणखी आवळला. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पोलीस खातं यांनी कोकणातल्या पोरांना आधीच ओढून घेतलं होतं. आज सिंधुदुर्गात माडावरचे नारळ पाडून घ्यायचे तर गड्याला आठवडाभर आधी फोन करावा लागतो आणि तो आला नाही तर रागवायचीही सोय नसते.

माणूस वर जायला तयार नाही, तर झाडच खाली आणू, असा विचारही झाला. 1932 मध्ये उत्तर केरळातल्या नीलेश्वर इथे जे. एस. पटेल यांनी उंच आणि ठेंगण्या माडांचा संकर केला. नारळातल्या संकरजोमाची, म्हणजे संकरातलं झाड आईबापांहून सरस निघण्याची, जगातली ही पहिली नोंद मानतात. कासरगोडच्या संशोधन केंद्रानेही पुढे बरेच संकरित वाण दिले, आपल्याकडे रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्रानेही दिले. पण शेतकऱ्याचा जीव जुन्या उंच माडावरच राहिला. तो काटक असतो, दुष्काळ सोसतो, खोबरं चांगलं देतो. शिवाय आजोबांनी लावलेला माड उंच आहे म्हणून कुणी तोडत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी या डोंगराळ गावातून. एम. जे. जोसेफ उर्फ अप्पाचन हे शाळा अर्धवट सोडलेले शेतकरी. त्यांनी लोखंडी नळ्या आणि तारेचा दोर वापरून माडावर चढायचं यंत्र बनवलं. यंत्र म्हणावं तर त्याला इंजिन नाही. दोन सुटे भाग असतात, डाव्या आणि उजव्या पायासाठी. प्रत्येकाला पाऊल ठेवायची पट्टी, वर हाताला धरायची मूठ आणि खोडाभोवती आवळणारा तारेचा फास. वजन पडलं की फास आवळतो, वजन काढून मूठ उचलली की सैल होतो. एका पायावर उभं राहून दुसरा भाग वर सरकवायचा, मग त्यावर उभं राहून पहिला. जिना चढल्यासारखं उभ्याने वर जाता येतं. खोडाला मिठी नाही, छाती घासणं नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या शोधाचा गौरव केला आणि पुढे कासरगोडच्या केंद्राने त्याला सुरक्षेची जोड दिली. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाचं बसून चढायचं यंत्रही आहे, पण नाव झालं ते 'चेंबेरी'चं.

जुना गडी या यंत्राला हसतो, आणि त्याचं चुकत नाही. तो तळप्पु लावून मिनिटभरात शेंड्याला पोचतो. यंत्रवाल्याचा तेवढा वेळ फास अडकवण्यातच जातो. खोडावर मिरवेल चढवलेला असेल तर यंत्र चालत नाही. प्रत्येक झाडापाशी ते काढायचं, उचलायचं, पुढच्या झाडाला लावायचं. ज्याला चढता येतं त्याच्या ते उपयोगाचं नाहीच. ज्याला कधीच चढू दिलं नाही, त्याच्यासाठी ते आहे.

2011 मध्ये नारळ विकास मंडळाने केरळात 'तेंगिन चंगातिक्कूट्टम', म्हणजे नारळाच्या झाडाचे सवंगडी, हा कार्यक्रम सुरू केला. वीस-वीस जणांच्या तुकड्या, सहा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी प्रत्येकाला एक यंत्र आणि विमा. पुढे तो इतर नारळ-राज्यांतही गेला. उद्देश बेरोजगार तरुणांना आणण्याचा होता, पण अर्ज बायकांचेही आले आणि त्यांना घेतलं गेलं. यामागे आणखी एक तयारी होती. 1998 पासून 'कुटुंबश्री' या सरकारी योजनेने केरळात गल्लोगल्ली बायकांचे गट बांधले होते. एकट्या बाईने माडावर चढायचं ठरवलं असतं तर ती गावाची करमणूक झाली असती. दहाजणी एकाच गणवेशात ग्रामपंचायतीच्या आवारात सराव करू लागल्या तेव्हा ती योजना झाली. योजनेला हसायला गाव जरा कचरतं.

अभ्यासक्रमात काय होतं ते पाहिलं की कामाचं रूप कसं बदललं ते कळतं. चढणं त्यात होतंच. शिवाय शेंडा साफ करणं, गेंड्या भुंग्याने पाडलेलं भोक ओळखणं, सोंड्या भुंग्याने पोखरलेला माड वेळीच हेरणं, औषध घालणं, शहाळं कोणतं आणि तयार नारळ कोणता हे पारखणं, प्रथमोपचार, बँकेत बचत. जुन्या गड्याला यातलं पुष्कळ येत होतं, त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं इतकंच. नव्यांना मात्र 'तंत्रज्ञ' म्हटलं गेलं. ही शब्दांची फसवाफसवी वाटेल, पण मला ती वाटत नाही. ज्या कामाला जातीचं नाव होतं त्याला हुद्द्याचं नाव मिळाल्याशिवाय इतर समाजांतल्या बायकांनी, विशेषतः नायर किंवा ख्रिश्चन घरांतल्या बायकांनी, त्याला हात लावला नसता. खुद्द ज्या आजोबांनी ते टाकलं होतं त्यांच्या नातींनी तर नाहीच.

हातात यंत्र आलं तरी धंदा बसायला आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे दुचाकी. माड एका जागी शंभर नसतात. या परसात चार, त्या वाडीत सात, पलीकडच्या गावात दहा. यंत्र खांद्यावर टाकून बसने फिरणाऱ्या बाईची कमाई तिकिटातच जाते. स्कूटर असेल तर ती सकाळी पोरांना शाळेत सोडून तशीच कामाला लागते आणि झाडामागे मिळणारे पैसे शेतमजुरीच्या रोजंदारीहून सहज वर जातात. दुपारी वारा आणि ऊन दोन्ही चढतं, म्हणून खरं काम सकाळचंच. नेमकी तीच घरातल्या स्वयंपाकाची वेळ. प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्याजणी पुढे चढत राहिल्या असं नाही. कुणी गरोदरपणात थांबल्या, कुणाला दोन-चार घरांपलीकडे गिऱ्हाईक मिळालं नाही, कुणी फक्त स्वतःच्या परसातल्या माडांचे नारळ पाडते. तेही थोडकं नाही, गड्याची वाट पाहायची राहिली नाही.

पडण्याची भीती यंत्राने कमी केली, संपवली नाही. पाठीचा कणा मोडून अंथरुणाला खिळलेले पाडेली आणि रेंदेर किनाऱ्यावरच्या गावांत लोकांनी पाहिलेले आहेत. मंडळाची 'केर सुरक्षा' विमा योजना त्यासाठीच आली. बायकांच्या घरून येणारा पहिला प्रश्नही तोच असतो: पडलीस तर? नवऱ्याला तो प्रश्न सासूने कधी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

कोकणात कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रांमार्फत याच यंत्रांची प्रशिक्षणं झाली आहेत. यंत्र वापरायला सोपं ते झाड सरळ, स्वच्छ खोडाचं. आमच्याकडच्या जुन्या बागांत खाचा पाडलेले माड अजून उभे आहेत. ज्या भंडाऱ्याने त्या पाडल्या त्याच्या ढांगेच्या मापाने त्या बसलेल्या असतात, एकीपासून दुसरी चांगली लांब. तारेचा फास त्या खाचांकडे बघत नाही. जिथे थांबावं तिथे आवळतो.